आमच्या गल्लीनं फरशी उचलली, त्याची हकिगत

आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना घरं आहेत आणि प्रत्येक घरापुढे फाटकापर्यंत थोडी मोकळी जागा. ही जागा बहुतेकांनी कधीच फरशी किंवा पेव्हर ब्लॉक घालून बंद करून टाकली होती. चिखल नको, झाडायला सोपं पडतं, गाडी लावता येते, ही कारणं घरोघर सारखीच. कुंड्या असल्या तरी त्या घराच्या भिंतीला टेकवलेल्या, रस्त्यावरून दिसणारही नाहीत अशा. आज त्याच गल्लीत जवळपास प्रत्येक फाटकावर गोकर्णीचा वेल चढला आहे, कुंपणालगत वाफे आहेत आणि संध्याकाळी माणसं आपापल्या फाटकाशी रेंगाळलेली दिसतात. बाहेरून येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "कुठली झाडं लावलीत?" झाडांबद्दल सांगणारच आहे. पण आमची सुरुवात झाडांपासून झालीच नव्हती, ती झाली पाण्यापासून.

गल्लीचं एक टोक सखल आहे. एका मोठ्या पावसात त्या टोकाच्या तीन-चार घरांत पाणी शिरलं. तिथे एक आजी एकट्याच राहतात. त्यांच्या घरात घोटाभर पाणी होतं. सगळे मदतीला धावले, पाणी उपसलं, आणि मग नेहमीप्रमाणे गटाराबद्दल बोलणं सुरू झालं. तेव्हा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी फाटकाशी उभं राहून साधा हिशेब मांडला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. २० चौरस मीटरचं फरशीचं अंगण धरा, ५० मिलिमीटर पाऊस धरा, की एका घरातून हजार लिटर पाणी रस्त्यावर. ते म्हणाले, "आपण सगळे मिळून आजींच्या घरात पाणी सोडतोय." त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता, पण सगळे गप्प झाले.

पुढच्या रविवारी आम्ही आजींच्याच अंगणात जमलो. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं नेदरलँड्समधल्या स्पर्धेची माहिती आणली होती. २०२० साली अ‍ॅमस्टरडॅम आणि रॉटरडॅम या दोन शहरांत चुरस लागली, कुठले नागरिक आपल्या अंगणातल्या जास्त फरश्या उचलतात याची. पुढच्या वर्षापासून ती देशभर पसरली. आम्हाला त्यातली स्पर्धा फारशी भावली नाही, पण फरशी उचलणं हीच एक बागकामाची पायरी असू शकते, हे मात्र डोक्यात बसलं. तोवर प्रत्येकाला वाटत होतं की बाग म्हणजे काहीतरी आणून ठेवणं.

सगळी फरशी काढायला कुणीच तयार नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. गाडीची दोन चाकं जिथून जातात तेवढ्या दोन पट्ट्या ठेवायच्या, मधला भाग मोकळा करायचा. फाटकापासून दारापर्यंत पायवाट ठेवायची, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद. बाकी कुंपणालगतचा पट्टा मातीला परत द्यायचा. काकांनी एकच अट घातली: घराच्या भिंतीला लागून खणायचं नाही आणि उतार पायाकडे नको, कुंपणाकडे हवा. प्रत्येक अंगणात आधी खडूनं रेघा मारल्या गेल्या. हे खडूचं काम मुलांकडे होतं, आणि ते त्यांनी इतकं मन लावून केलं की एका घरी रेघ चुकीची वाटूनही कुणी पुसली नाही. वाफा तसाच वळणाचा झाला आणि आज तो गल्लीतला सगळ्यात देखणा आहे.

फरशी उचलणं मेहनतीचं काम आहे. पेव्हर ब्लॉक त्या मानानं बरे, एक निघाला की शेजारचे सुटत जातात. सिमेंटमध्ये बसवलेल्या फरशीला पहार लागते. खाली दडपून बसवलेला मुरूम, त्याखाली बांधकामाच्या वेळी टाकून दिलेलं सगळं: विटांचे तुकडे, गिलाव्याची खपली, खडी, वायरचे तुकडे, टाइलच्या कडा. एका रविवारी एक अंगण, असा क्रम लावला होता. पहारीवर दोघं, घमेली वाहायला चौघं, आणि डबर वेगळं काढायला ज्यांना वाकता येत नाही ती मंडळी खुर्ची टाकून. निघालेले ब्लॉक फेकले नाहीत. वाफ्यांच्या कडा त्यांच्याच लावल्या, आणि उरलेल्यांचे दोन ओटे झाले.

मातीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बाग दिसायला लागते त्याच्या फार आधी ती इथे ठरते. झाड लावण्याआधी पाणी मुरतंय का, हे पाहायला हवं. एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा खणायचा, पाण्यानं काठोकाठ भरून जिरू द्यायचा, मग पुन्हा भरायचा आणि काठी उभी करून दर तासाला पातळी मोजायची. तासाला दोन-तीन सेंटिमीटर पाणी खाली गेलं तर बहुतेक झाडांना चालतं. आमच्याकडे पहिल्या खड्ड्यातलं पाणी रात्रभर तसंच्या तसं उभं होतं, कारण मुरमाचा थर रोलर फिरवल्यासारखा घट्ट होता. तो फोडून दीड फुटापर्यंत माती मोकळी केल्यावर पाणी झरझर जिरायला लागलं.

दुसरी तपासणी बरणीची. पारदर्शक बरणीत एक तृतीयांश माती घ्यायची, बाकी पाणी, झाकण लावून खळखळून हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळाचे बारीक कण काही तासांत, आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी, एक-दोन दिवसांनी. प्रत्येक घराची बरणी आम्ही आजींच्या कट्ट्यावर ओळीनं मांडली होती. एकाच गल्लीतली माती, पण कुणाच्या बरणीत अर्धी वाळू, कुणाकडे नुसता चिकट राखाडी थर. शाळेत जाणारी मुलं येता-जाता थांबून बघायची आणि त्यांच्यामागून त्यांचे आईवडील. गल्लीत माणसं काही कामाशिवाय एका जागी थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली ती त्या बरण्यांपुढे.

शेजारच्या घरी एक जास्वंद आधीपासून होती, ती कायम आजारलेली. नवी पानं पिवळी फक्क, शिरा मात्र हिरव्यागार. ताई तिला खत घालून घालून थकल्या होत्या. खणलं तेव्हा तिच्या मुळाशी सिमेंटच्या मालाचा गोळाच निघाला. सिमेंट आणि चुन्यानं माती अल्कधर्मी होते, मग मातीत लोह असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही, आणि त्याचं लक्षण आधी कोवळ्या पानांवर दिसतं. डबर काढलं, कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत भरपूर मिसळलं. जुनी पानं सुधारली नाहीत, ती तशीच गळाली. पण पुढची पालवी हिरवी आली. ताईंनी ते पान तोडून गल्लीभर दाखवलं होतं.

खतासाठी कोपऱ्यावरच्या एका घरानं मागची जागा दिली. पालापाचोळा पूर्वी जळायचा, त्याचा धूर सगळ्यांच्या घरात. आता तो जाळीच्या पिंपात जातो. दोन-तीन भाग सुकी पानं आणि एक भाग हिरवा, ओला कचरा, हे प्रमाण अंदाजानं धरतो; शास्त्रात सांगतात ते कार्बन-नायट्रोजनचं २५ ते ३० ला एक हे गुणोत्तर साधारण त्याच्या आसपास बसतं. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर हवा. चांगला जमला तर आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत तणांचं बरंचसं बी मरतं. वास आला की समजायचं, ओलं जास्त झालं. सुकी पानं घालायची आणि ढीग वरखाली करायचा. या पिंपाची जबाबदारी एका दहावीतल्या मुलानं आपणहून घेतली आहे, आणि त्याच्या परवानगीशिवाय त्यात कुणी काही टाकत नाही.

मग झाडं. इथे आमच्यात खरा वाद झाला. काही जणांना वर्षअखेरीस उत्तम बागेला बक्षीस द्यायचं होतं. त्यांचं म्हणणं, चुरस असली की लोक मन लावतात. मी आणि आणखी काही जणी याच्या ठाम विरोधात होतो, आणि आजही आहे. बक्षीस आलं की ज्याच्याकडे माळी आहे तो पुढे जातो, ज्याच्या अंगणात दिवसभर सावली आहे तो मागे पडतो, आणि मुख्य म्हणजे कुणी कुणाला फांदी देत नाही. आजी म्हणाल्या, "मला या वयात नंबर नको गं. रोपं द्या, मी सांभाळते." मग बक्षिसाऐवजी वर्षातून एकदा फाटकं उघडी ठेवायचा दिवस ठरला. त्या सकाळी सगळी फाटकं उघडी, कुणीही कुठल्याही अंगणात शिरावं, बघावं, विचारावं, रोप मागावं. बक्षिसाचा आग्रह धरणारे दादाच आता त्या दिवसाची सगळी व्यवस्था बघतात.

अंगण रस्त्यावरून कसं दिसतं याचा विचार आम्ही चालणाऱ्याच्या नजरेनं केला. मागच्या बागेत तुम्ही बसून बघता. पुढची बाग दुसरा माणूस चालता चालता बघतो, एका घरासाठी त्याच्याकडे दहा-बारा पावलंच असतात. त्यात वीस प्रकारची एकेक रोपं लावली तर डोळ्याला काहीच सापडत नाही. एकच झाड पाच-सात ठिकाणी पुन्हा आलं की नजर त्याच्यामागे जाते. म्हणून प्रत्येकानं तीन-चारच जाती निवडाव्यात आणि त्यांचे घोळके करावेत असं ठरलं. कुंपणाशी गुडघ्याएवढी, मध्ये कमरेएवढी, घराकडे उंच. गाडी जिथून बाहेर निघते तिथे कमरेच्या वर काही नको, नाहीतर रस्त्यावर खेळणारं पोर दिसत नाही. फुलं असतात-नसतात, म्हणून पानांकडे आधी बघायचं: कर्दळीची रुंद पानं, गवतासारखी बारीक पानं, क्रोटनचा रंग. ऊन सहा तासांहून जास्त असेल तिथे सदाफुली, झेंडू, मोगरा. सावलीच्या बाजूला नेचे आणि अबोली. वास येणारं झाड फाटकाजवळ, कारण माणूस कडी काढायला तिथेच क्षणभर थांबतो. कण्हेर आणि घाणेरी मात्र आम्ही मुलांच्या वाटेवर ठेवल्या नाहीत. कण्हेर तर पानापासून बीपर्यंत सगळी विषारी असते.

गल्लीला एक समान धागा हवा म्हणून गोकर्ण निवडली. ती आजींकडे होती, निळी, एकेरी पाकळीची. तिच्या वाळलेल्या शेंगा फोडून बिया वाटल्या. बियांचं कवच कठीण असतं, म्हणून एका कडेला नखकात्रीनं हलकं खरवडून रात्रभर पाण्यात भिजवायच्या; फुगलेल्या बिया आठवड्याभरात उगवायला लागतात. शेंगवर्गीय असल्यानं तिला खताचा लाड लागत नाही. सगळ्या फाटकांवर एकाच वेलाची लेकरं आहेत आणि ती आजींना माहीत आहेत. कुणाचा वेल मरगळला तर त्या आधी तिथे पोचतात.

बाकी बहुतेक रोपं फांद्यांपासून झाली. मोगरा, जास्वंद, क्रोटन यांची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्यायची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढायची, ती मोठी असली तर अर्धी कापायची. ओल्या वाळूत निम्मी खोचून सावलीत ठेवायची. महिना-दीड महिना तिला हलवायचं नाही. हे न हलवणंच सगळ्यांना जड जातं. मुळं फुटली का बघायला लोक उपटून पाहतात. हलक्या हातानं ओढल्यावर फांदीनं प्रतिकार केला की समजावं, मुळं आली. अशी एक वाळूची पेटी आजींच्या कट्ट्यावर कायम असते. कुणाची कुठली फांदी ते मुलांनी आइस्क्रीमच्या काड्यांवर लिहिलेलं असतं.

अडचणी आल्याच. सगळ्यात मोठा आक्षेप डासांचा होता, आणि तो रास्त होता. डास झाडांच्या पानांत दिवसा दडतात, पण जन्मतात साचलेल्या पाण्यात. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून कुंडीखालच्या बश्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून पुसायच्या, असा नियम झाला. दर रविवारी दोन मुलं गल्लीभर फिरून बश्या तपासतात. आणि फरशी गेल्यापासून जी डबकी साचायची ती साचत नाहीत, हे लोकांनी स्वतःच पाहिलं. एका घरानं फरशी काढायला नकार दिला. त्यांच्या घरी चाकाच्या खुर्चीवरचं माणूस आहे, सपाट जमीन त्यांना हवीच. त्यांच्या कुंपणावर बाहेरून लटकत्या कुंड्या लावल्या, खुर्चीतून हात पोचेल अशा उंचीवर, आणि पाणी ते स्वतः घालतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तेव्हा तो एका फाटकावरून दुसऱ्या फाटकावर गेला. एकेकट्यानं फवारून उपयोग नव्हता. एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण, असं द्रावण करून सगळ्यांनी एकाच संध्याकाळी फवारलं, आठवड्यानं पुन्हा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड नावाच्या नगररचनाकारानं सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच रस्त्यांचा अभ्यास केला होता, रहदारी तेवढी वेगळी. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते; जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकाहूनही कमी. रहदारी वाढली तशी माणसं घराच्या पुढच्या भागातून मागे सरकली. आमची गल्ली काही वर्दळीची नाही, पण पुढच्या अंगणातून मागे सरकणं आमच्याकडेही झालं होतं, फरशीमुळे. नुसत्या फरशीवर उभं राहायला माणसाला कारण नसतं. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनीही लिहिलं आहे की पुढच्या बागेतलं काम बऱ्याचदा बाहेर थांबायचं निमित्त असतं. मी हे रोज बघते. पाणी घालायला पाच मिनिटं पुरतात, माणसं अर्धा तास बाहेर असतात. वाळकं पान काढता काढता समोरच्या काकांचं ऑपरेशन कळतं, कुणाची मुलगी परीक्षेला बसलीय ते कळतं. समोरच्या वहिनी माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणी बोलल्या त्या "तुमच्या अबोलीला मुंग्या का लागल्यात?" हे विचारायला. त्या मुंग्या मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीच्या मागे आल्या होत्या. मावा गोड द्रव सोडतो त्यासाठी. तो धुऊन काढता काढता आमची ओळख झाली, आणि आता त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असते.

बागेनं मनाला बरं वाटतं हे सगळेच म्हणतात. इंग्लंडमधल्या सॅलफर्ड इथे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या संशोधकांनी ते मोजून पाहिलं. ओक्याबोक्या पुढच्या अंगणांत काही झाडं आणि कुंड्या ठेवल्या आणि रहिवाशांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, तपासलं. दिवसभरात ते जसं चढायला-उतरायला हवं तसं निरोगी प्रमाणात असलेले लोक आधी २४ टक्के होते, झाडं आल्यावर ५३ टक्के झाले. तेही एकेका घरापुढे मोजकीच झाडं असताना.

अवजारं सामायिक आहेत: दोन पहारी, कुदळी, घमेली, छाटणीच्या कात्र्या, एक लांब नळी. ती दादांच्या जिन्याखाली असतात आणि वहीत नाव लिहून न्यायची. गावाला जाणाऱ्यानं त्याच वहीत तारखा लिहायच्या, मग त्याच्या बागेला पाणी कोण घालणार ते शेजारी आपसांत ठरवतात. वाफ्यांवर दोन-अडीच इंच पालापाचोळ्याचं आच्छादन असतं, खोडापासून चार बोटं दूर. त्यानं पाणी निम्म्या वेळाच घालावं लागतं, म्हणून हे शेजारधर्माचं काम कुणाला जड होत नाही.

सखल टोकाला आता पाणी येतं, पण ते वाफ्यांत थांबतं आणि संध्याकाळपर्यंत जिरतं. मोठ्या पावसात काय होईल ते अजून पूर्ण पाहायचं आहे, म्हणून आजींच्या फाटकाबाहेर खोलगट वाफा केलाय, त्यात कर्दळ आणि अळू लावलंय. दोघांनाही काही काळ पाय ओले चालतात.

सध्या चर्चा आहे ती रस्त्याकडेच्या झाडांची. अमेरिकेतल्या शिकागोजवळ रिव्हरसाइड हे उपनगर आखताना १८६८-६९ मध्ये उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी घरं रस्त्यापासून मागे घेतली आणि प्रत्येक घरमालकानं घर व रस्ता यांच्यामध्ये एक-दोन जिवंत झाडं राखावीत असं सुचवलं. आमच्या गल्लीत वरून विजेच्या तारा आहेत, त्यामुळे मोठा वृक्ष नको यावर एकमत आहे. बहावा की तामण, यावर नाही. काका म्हणतात तामण, कारण फूल गल्लीच्या निळ्या-जांभळ्या रंगाशी जुळतं. मुलांना बहाव्याचे पिवळे घोस हवेत. ते ठरेल तेव्हा ठरेल. खड्डे मात्र उन्हाळ्यातच खणायचे आहेत, दोन फूट लांब, रुंद आणि खोल, म्हणजे पाऊस येईपर्यंत ते उन्हात चांगले तापतील. पहिला खड्डा कुणाच्या फाटकासमोर, त्याची यादी वहीत लिहून झाली आहे.